मे महिन्यात काठोकाठ

प्रिय ताई,

तुला जाऊन दोन महिने झाले. पत्र आज लिहितोय, कारण आज तुझे आकडे आणि माझे आकडे जुळले. हे सांगायला घरात दुसरं आहे कोण?

तुझा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. तो बंद पडायच्या आत शिरगावच्या विहिरींचा तुझा प्रोग्रॅम फोर्ट्रान या जुन्या भाषेतून माझ्या पायथनमध्ये आणायला बसलो. नाहीतर तुझी इतक्या वर्षांची मापं त्याच्याबरोबरच गेली असती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू दोराला दगड बांधून चौदा विहिरी मोजायचीस, काठापासून पाणी किती खाली ते. कुठली कधी आटेल, हे प्रोग्रॅम सांगायचा. गावाजवळच्या खाणीचा खड्डा खोल गेला, विहिरी लवकर आटू लागल्या, तसं शेजाऱ्यांचं त्याशिवाय चालेना. मी मात्र पुण्याहून फोनवर हसायचो, "ताई, ती भाषा आता म्युझियममध्ये ठेव!"

तू एवढंच म्हणायचीस, "एकदा बस मरे माझ्या बाजूक. कठीण काय नाय ता." चतुर्थीला येऊनसुद्धा मी कधी बसलो नाही. बसलो असतो तर माझं काय बिघडलं असतं?

आता माझी फजिती ऐक. माझ्या प्रोग्रॅमने सांगितलं, मे महिन्यात आपली विहीर काठोकाठ! खोटं कशाला सांगू, मी उठून परसात गेलो आणि वाकून पाहिलं. तळाला हंडाभर पाणी होतं.

दोन दिवस तुलाच दोष दिला, माफ कर. ओळ न् ओळ बरोबर उतरवली होती, मग चूक कुठे? तुझ्या फाईलमध्ये आकड्यांची एकच लांब रांग. तुझी भाषा ती तक्त्यात उभी मांडते: एका विहिरीचे बारा महिने संपले की मगच दुसरी विहीर. माझी आडवी मांडते, प्रत्येक विहिरीला एकेक आकडा वाटत. म्हणून पावसाळ्यातलं पाणी मे महिन्यात आणि शेजाऱ्यांचं आपल्याकडे आलं होतं. मांडणी ठरवणारं एक अक्षर बदललं आणि सगळं जागेवर बसलं.

मीही माझ्या भाषेसारखाच ना गं? सगळ्यांना दोन-दोन मिनिटं. तुलाही तेवढीच.

आकडे जुळले तेव्हा मी "ताई!" अशी मोठ्याने हाक मारली. सवय नाही गेली अजून. कुंपणापलीकडून काकी धावत आली. "काय झाला रे?" मी तिला जुळलेले आकडे दाखवले. ती आपल्या परसातल्या विहिरीकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "ताई गेली. आता आमची बांय कोण मोजतलो?"

तुझा दोर ओसरीवर तू टांगलास तिथेच आहे. येत्या पहिल्या रविवारी तो घेऊन निघेन, आपल्या विहिरीपासून. चौदाही करीन, घाई न करता. जूनचा आकडा मी लिहीन.

यंदाच्या एप्रिल आणि मेची घरं रिकामी आहेत. प्रोग्रॅम ती अंदाजाने भरू शकतो. मी भरू देणार नाही. त्या दोन महिन्यांत तू नव्हतीस, आणि मी अजून मोजायला लागलो नव्हतो.

तुझा,
बाळू