कापडी टपाची गाडी

पुणे,
दि. १२ डिसेंबर २०२४

ती. पुंजाजीदादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला मोबाइल लावला की शिट्टी वाजते, म्हणून आपली जुनी वाट धरते. पोस्टमन पंजाबराव अजून सायकलवरच येतात ना? त्यांना माझा नमस्कार सांग.

मी निवृत्त होऊन आता आठ महिने झाले. पस्तीस वर्षं वीज कंपनीत दुसऱ्यांच्या घरांत उजेड पोचवला. आता एक हौस करायची म्हणते. हसू नकोस. दोन माणसांची, वरचा टप उघडणारी छोटी मोटार घ्यायची आहे. जुनीच, पण चांगली. शेजारचे महादेवराव म्हणाले की ताई, या वयात माणसं चारधामला जातात. मी म्हटलं, जाईन की, टप उघडा ठेवून.

पेच असा आहे की एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन गाड्या समोर आहेत. एक २०१२ची, निळी, एका डॉक्टरांनी हौसेनं जपलेली. तिचा टप कापडी आहे आणि तो हातानं मागे लोटायचा. दुसरी २०१५ची, लाल. तिचा टप पत्र्याचा. बटण दाबलं की तो स्वतःच घडी होऊन डिकीत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जागच्या जागी उभी राहिले, दादा. एवढं मोठं छप्पर आवाज न करता उठतं, दुमडतं आणि नाहीसं होतं!

तीस वर्षं तू बाजारात लोकांना बैल पारखून दिलेस. दोन्ही गाड्यांचे फोटो सोबत पाठवते आहे. कोणती घेऊ ते सांग. वहिनीला नमस्कार.

तुझा लोभ मला कधी मागावा लागला नाही, तरी मागते.

तुझी धाकटी,
संजीवनी


जळगाव जामोद,
दि. २१ डिसेंबर २०२४

चि. संजीवनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. पंजाबरावांनी पाकीट हाती देण्याआधी उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, पोरीनं सोयरिकीसाठी फोटो पाठवला काय? मी म्हटलं, हो, दोन स्थळं आहेत, एक निळं आणि एक लाल. ते अंगणातच बसले. मग चहा झाला.

आता पारख. बैलाचं वय दातांवरून कळतं, गाडीचं सालावरून. २०१५ची चार दाती समज, ऐन कामाची. २०१२ची सगळे दात येऊन पुरी जुळलेली, तिच्याकडून फार वर्षं काम होणार नाही. पण दातावर कधी जाऊ नये, लोक दात कानसीनं घासून आणतात. खूर पाहावेत. तू पाठवलेल्या फोटोंत पाय ठेवायच्या जागेचं रबर मी भिंगातून पाहिलं. दोन्हींचं सारखंच झिजलंय, म्हणजे सालाच्या मानानं निळी कमी पळाली आणि लाल जास्त. तरी माझं मत लालच. बैल कसा, शब्द काढला की बसला पाहिजे आणि शब्द काढला की उठला पाहिजे. लाल तशी आहे. निळीला हातानं ढकलावं लागतं. या वयात तुझा खांदा दुखेल.

इकडची बातमी चांगली नाही. पुष्पांजली दिवाळीला आली नाही. तिनं कळवलंय की बाबा माझ्या घरचा उंबरा ओलांडत नाहीत तोवर मी माहेरी येणार नाही. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवू नये, ही आपली रीत मी पहिली तीन वर्षं पुढे केली. आता हरिओम पाच वर्षांचा आहे आणि तोच विचारतो की आबा आमच्याकडे काऊन येत नाहीत. विहीणबाई सत्यभामाबाईंनी निरोप धाडला की आमच्या सुलतानपूरचं पाणी व्याह्यांना कडू लागतं काय.

जावई मोटारसायकल घेऊन आला होता. त्याच्या मागे बसून नांदुऱ्यापर्यंत गेलो, तिथे कंबर धरली, परत आलो. टेम्पोच्या मागे उभा राहून लेकीच्या दारी पाहुणा म्हणून कसा जाऊ? आणि बाकीचं तुला माहीत आहे.

लाल घे. माझा आशीर्वाद दोन्हींना.

तुझा,
पुंजाजी


पुणे,
दि. २ जानेवारी २०२५

ती. सौ. कोकिळावहिनी यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाला दाखवू नका. पंजाबरावांना मी वेगळी चिठ्ठी लिहिली आहे की पाकीट फक्त तुमच्या हाती द्यावं. त्यांनाही यात फार रस दिसतो.

गाडीची हौस मला आहे, खोटं कशाला बोलू? पण एवढीच हौस असती तर मी उघडणाऱ्या टपाचीच शोधत बसले नसते. सत्तावीस वर्षांपूर्वी दादा आत असताना विहीर खचली, तेव्हापासून दादा छताखाली बसून कुठे गेलेला नाही. एसटीत नाही, जीपमध्ये नाही. अंगणात झोपतो, पावसाळ्यात ओसरीच्या कडेला. मी दुसऱ्या दिवशी आले होते, पण आत काय झालं हे त्यानं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता पुष्पानं हट्ट धरलाय. तिला तिचे बाबा गर्विष्ठ वाटतात. भितात हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि दादा ते सांगू देणार नाही.

म्हणून ही गाडी. त्याच्या डोक्यावर काही नसेल तर तो सुलतानपूरला येईल असं मला वाटतं.

पण दादा म्हणतो लाल घे. काल मी लाल गाडीत बसून टप बंद करवला आणि मनात आकडे मोजत उघडायला लावला. चौदा सेकंद. बाहेरून पाहताना चौदा सेकंद म्हणजे चमत्कार. आत बसून मोजले तर फार लांब. दुसऱ्यांदा बटण दाबलं तर टप अर्ध्यात थांबला, ना उघडा ना बंद. विक्रेता म्हणाला की बॅटरी उतरली असेल, किरकोळ आहे. मी वीज कंपनीची बाई, मला किरकोळ म्हणजे काय ते कळतं.

निळीचा कापडी टप मी आतून एका हातानं खिट्टी काढून मागे टाकला. तीन सेकंद.

दादाचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. मोडू का? आणि विहिरीत काय झालं तेवढं लिहा. मला जपून वागायला बरं.

लहान आहे, लोभ आणि रागावणं दोन्ही असू द्या.

तुमची,
संजीवनी


जळगाव जामोद,
संक्रांत

चि. संजूबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्यासारखं शुद्ध मले लिहिता येत नाई. जसं बोलतो तसं लिहितो. तीळगूळ पाठवला हाये.

त्याहिनं मलेबी एकदाच सांगतलं, ताप होता तवा. इहीर खचली तवा ते खाली वाकून घमेलं भरून राह्यले होते. माती आली छातीपर्यंत, मग डोक्यावरून. पन त्याच्या आधी ते घमेलंच उलटं होऊन तोंडावर पडलं. त्याच्यात जेवढी हवा होती तेवढ्यावर त्याहिनं श्वास घेतला. वरचे लोक माती काढून राह्यले होते ते ऐकू येत होतं म्हने, पन काही दिसत नव्हतं, निस्ता अंधार आन् नाकापुढं लोखंड. किती वेळ ते कोनी म्हनते अर्धा तास, कोनी म्हनते कमी. आता डोक्यावर काही आलं का त्याहिले तेच घमेलं दिसते. मी ते फेकलं नाई बाई, कोंबडीची पिल्लं झाकायले ठेवलं. ते त्याच्याकडं पाहत नाईत.

निळी घ्या. बैलाचं त्याहिले समजते, त्याहिचं मले समजते. रागावतीन दोन दिवस. मी पुरनपोळी करीन.

पुष्पाले मी कळवत नाई काही. आले तं आले, नाई तं पोरीचं मन दुसऱ्यांदा मोडाले नको.

तुमची वहिनी,
कोकिळा


पुणे,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा शब्द मोडला. निळी घेतली.

रागावण्याआधी ऐकून घे. तूच सांगायचास की बाजारात बैल बसवून, उठवून पाहिल्याशिवाय दावं हातात धरू नये. लालला बसवली, ती बसली. उठवायला गेले तर अर्ध्यात अडली. असा बैल तू मला घेऊ दिला असतास का? निळी बटणाचं ऐकत नाही, हाताचं ऐकते.

पहिल्या दिवशी पहाटे तिला सिंहगडाच्या बाजूला नेली. मी गाडी चालवत होते की गाडीच्या जागी नुसता वारा होता, सांगता येणार नाही. उजाडत होतं आणि ते माझ्या डोक्यावरून माझ्या मांडीवर उतरत होतं. एकोणसाठ वर्षं मी उजाडताना खिडकीतून पाहिलं.

आता मुद्द्याचं. मी पहिल्या मार्चला तिकडे येते. दोन तारखेला तू आणि मी सुलतानपूरला जायचं. डोक्यावर काही नसेल, फक्त तुझी टोपी. टप मागे दुमडलेला राहील आणि त्याची खिट्टी तुझ्या हाताशी. मी त्याला हात लावणार नाही. वाटेत कुठेही तू म्हणालास की थांब, तर थांबेन, आणि परत फिर म्हणालास तर का म्हणून विचारणार नाही.

तू हो म्हणेपर्यंत मी पुष्पाला काही कळवत नाही. एका ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझा लोभ या उद्धटपणानंतरही शिल्लक असेल असं धरून,

संजीवनी


जळगाव जामोद,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. संजीवनीस आशीर्वाद.

ये. टोपी वाऱ्यानं उडेल, रुमाल बांधीन.

पुंजाजी


जळगाव जामोद,
दि. ९ मार्च २०२५

चि. संजीवनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं पुष्पाकडून कळलं. तू माझ्या शेजारीच होतीस, तेव्हा तुला सगळं ठाऊक आहे. पण माझ्या मनात काय चाललंय ते वाटेत तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून एकदा लिहून काढतो.

निघताना अर्धं गाव जमलं होतं. गाडीचं छप्पर चोरीला गेलं काय, असं विचारणारा भगवंतराव तुला आठवत असेल. त्याला तू म्हणालीस की हो, रपट लिहायलाच निघालो. मी हसलो, पण माझे दोन्ही हात दाराला घट्ट होते. पूर्णेच्या पुलापर्यंत ते तसेच होते. पुलावर वर पाहिलं. बगळ्यांची रांग आपल्या वरून आपल्याच वेगानं चालली होती, जणू आपल्याला पोचवायला निघाली. संजीवनी, आभाळ मी जन्मभर पाहिलं. अंगणात झोपणाऱ्याइतकं ते कोण पाहतो? पण ते उभं असतं आणि आपण चालतो, एवढंच मला माहीत होतं. आभाळ चालताना मी पहिल्यांदा पाहिलं. खामगावच्या पुढे रस्त्यावर कडुनिंब भेटले तेव्हा त्यांच्या फांद्या डोक्यावरून वाहत होत्या. मी हात केव्हा सोडले ते मला कळलं नाही.

मग जानेफळच्या पुढची ती पाण्याची टाकी. तू नळावर पाणी भरायला उतरलीस. टाकीच्या पोटाला आग्या मोहोळ लटकलं होतं, ते मी पाहिलं, पण ते शांत होतं. घारीसारखं काहीतरी वरून आलं, त्याच्यावर झडप घालून गेलं आणि काळा धूर सुटावा तशा माश्या सुटल्या. तू धावत आत आलीस, तुझ्या मानेला एक डसली होती. तू म्हणालीस की गाडी सुरू करते, पण किल्ली खाली पडली. एवढं मला आठवतं. पुढचं माझ्या हातांनी केलं. टप ओढला, खिट्टी लावली. काचा तू हँडल फिरवून वर केल्यास आणि डोकं स्टेअरिंगवर टेकून डोळे मिटलेस.

म्हणून मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

समोरची काच माश्यांनी भरून गेली. इतकी की बाहेरचं काही दिसेना. पण ऊन त्यांच्या पंखांतून येत होतं. मधासारखा उजेड सगळ्या गाडीत भरला होता, आपल्या हातांवर, तुझ्या पांढऱ्या केसांवर. मी वरच्या कापडाला तळवा लावला. त्याच्या पलीकडे हजारो माश्या गुणगुणत होत्या आणि कापड थरथरत होतं. बैलाच्या पाठीवर हात ठेवला की कातडी थरथरते ना, अगदी तसं. जिवंत. एवढे जीव आपल्या बोटभर अंतरावर, आणि आपल्याला एकही शिवत नाही. देवळात बसल्यासारखं झालं होतं.

बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की मी छताखाली बसलो आहे. खिट्टी माझ्या हातात होती. काढावीशी वाटली नाही असं म्हणणार नाही. पण तू आत होतीस.

तेव्हा मला विहिरीतलं घमेलं आठवलं. तुला कोकिळेनं सांगितलंय, मला माहीत आहे, पंजाबरावांच्या पोटात काही राहत नाही. सत्तावीस वर्षं मी त्या घमेल्यावर राग धरला. अंधार त्याचा, लोखंडाचा वास त्याचा. पण श्वासही त्याचाच होता. तेवढी हवा त्यानंच माझ्यासाठी धरून ठेवली होती. हे मला कोणी सांगितलं नाही. कोणाला माहीत असेल तर ते मलाच, आणि मी तिकडे पाहतच नव्हतो.

माश्या गेल्यावर टप मी काढला. तू विचारलंस की परत फिरू का. मी म्हटलं, सुलतानपूर किती राहिलं?

पुष्पानं दारात पाण्याचा तांब्या दिला. मी दोन तांबे प्यायलो आणि सत्यभामाबाईंना सांगितलं की पाणी गोड आहे. त्या म्हणाल्या, आठ वर्षं माठात ठेवलं होतं, गोड होणारच. हरिओम जेवायलाही गाडीतून उतरला नाही, ते तू पाहिलंस. लेक माझ्या ताटात वाढत राहिली आणि मी खात राहिलो. उंबरा ओलांडला तेव्हा वर पाहिलं, स्लॅबचं घर आहे, पंखा आहे. बसलो. घाम आला. बसून राहिलो.

परवा पुष्पा हरिओमला घेऊन आली. एसटीनं. आठ दिवस राहणार आहे.

घमेलं मी मागच्या दारातून आणलं, धुतलं. कोकिळा ओरडली की पिल्लं कशात झाकू. मी तिला बाजारातून टोपली आणून दिली.

उन्हाळा सरायच्या आत पुण्याला तुझं घर पाहायला यावं म्हणतो. तू गाडी घेऊन ये. माझी पारख चुकली, निळीच खरी. पण एक ध्यानात ठेव, टपाला तू हात लावायचा नाही. तो उघडायचा की ओढायचा, ते मी पाहीन.

लोभ आहेच, तो हाताशी राहू दे.

तुझा,
पुंजाजी