देवरावजींची पट्टी

नागपूर,
१८ ऑगस्ट १९७४

प्रिय शोभाताई,

सप्रेम जयभीम. गोंदियाला पाऊस कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे बाबांनी जरीपटक्याहून तुझ्या छोटीसाठी फ्रॉकचं कापड आणून ठेवलंय. कोणी तिकडे येणारं भेटलं की पाठवते. माझी इंटर्नशिप चालू आहे.

आईने तुला कळवलं म्हणे, की मी घरी बोलत नाही. थकते गं, एवढंच. वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटने जरा त्रास दिला. देवरावजी, काटोलकडचे जमीनवाले. साखरेच्या आजाराने पाय सडत आलेला. रोजची पट्टी माझ्याकडे होती. "तुया हात हलका हाय वं पोरी," असं कौतुकही करायचे. मग एकदा आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चांगल्या पायाने ट्रे उडवला.

ट्रे नाही, ताई. लाथ मला मारली, छातीत. आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुला ते शब्द माहीत आहेत. सगळा वॉर्ड बघत होता.

आमच्या युनिटचे प्रमुख पांढरीपांडे सर शेजारच्याच खाटेपाशी होते. ते आले, खाली पडलेली कात्री उचलली, दुसरी मागवून पट्टी स्वतः बांधली. मला म्हणाले, "तू बायकांच्या वॉर्डात जा." देवरावजींना एक शब्द नाही.

त्यानंतर मी हॉस्पिटलात गेलेच नाही. सकाळी डबा घेऊन निघायची आणि सीताबर्डीत भटकत राहायची. आईला अजून माहीत नाही.

शेवटी भांडायचंच ठरवून सरांकडे गेले. म्हटलं, "सर, लाथ त्यांनी मारली आणि वॉर्ड माझा बदलला." सर म्हणाले, अशा वेळी काय बोलायचं हे त्यांना कधी कोणी शिकवलं नाही. मी काय बोलायला हवं होतं, असं मलाच विचारलं. राग आला, पण सांगितलं. त्याच जागी, सगळ्यांसमोर देवरावजींना थांबवायचं. आणि मी कुठे काम करायचं ते मला विचारायचं.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर मला घेऊन देवरावजींच्या खाटेपाशी उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "ह्या तुमच्या डॉक्टर आहेत. लाथा आणि शिव्या ह्या वॉर्डात चालणार नाहीत." मग माझ्याकडे वळून, "पट्टी कराल?" मी हो म्हटलं.

देवरावजींनी मुलाकडे पाहिलं. "गोविंदा, रिक्षा बोलाव गा. मले घरी ने."

सरांनी हरतऱ्हेने समजावलं. पाय कापला नाही तर विष अंगात भिनेल, म्हणाले. त्यांची पट्टी दुसरा कोणी करील, असं मीही म्हणून पाहिलं. गोविंदा रडत होता, पण बापापुढे त्याचं काही चाललं नाही. सही करून घेऊन गेला.

ताई, ते वारले.

हेच लिहायचं टाळत होते. गोविंदा येऊन सांगून गेला. भांडला नाही; खाटेखाली राहिलेल्या चपला तेवढ्या उचलल्या. वॉर्डात कुजबुज आहे की माझ्या हट्टापायी म्हातारा गेला. त्यांची जखम डोळ्यांपुढून हलत नाही. मला त्यांचा राग येतो, आणि ते जगायला हवे होते. दोन्ही खरं आहे.

काल सरांनी बोलावलं. चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी असंच बोलू का?" आधी वाटलं, एवढं तरी ह्यांनी स्वतः ठरवावं. मग आठवलं, मला विचारा असं मीच सांगितलं होतं. होकारार्थी मान हलवली.

आईला मीच सांगेन, तू काही लिहू नकोस. उद्यापासून पुन्हा त्याच वॉर्डात आहे. त्या खाटेवर नवा पेशंट आलाय, त्याची पट्टी मला करायची आहे.

तुझी,
शामला