मायचं काळीज आणि तुमचं

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मायच्या ऑपरेशनाची गोष्ट निघाली की आपल्याकडची माणसं अजून तुमच्यावरच हसतात. मीही हसते. पण तुमची बाजू तुम्हाला कोणी कधी विचारलीच नाही, असं आज उगाच वाटून गेलं, म्हणून लिहायला बसले.

माय तेव्हा चाळिशीला टेकली होती. मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन मार्कंड्याच्या बाजारात तुमच्या आधी पोचणारी बाई, पण त्या वर्षी घराच्या पायरीवरच धापा टाकू लागली. आधी पाय सुजले, मग पोट. शेजारणींनी दिवस गेले म्हणून ठरवूनही टाकलं आणि माय त्यांच्यावर उखडली. चांद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, लहानपणच्या सांधेतापानं हृदयातली एक झडप आवळली आहे. बोट घालून ती मोकळी करणारे डॉक्टर मद्रासच्या बाजूला आहेत. हृदयात बोट घालतात हे ऐकून तुम्ही दवाखान्याच्या ओट्यावर मटकन बसलात. माय नाही बसली. तिनं विचारलं, गाडी कधी आहे. मी लग्न होऊन बल्लारपूरला होते. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी गाडीत चढले, आणि तुम्ही आलात तुमच्या तेलुगूच्या भरवशावर. सिरोंच्याकडं लाकडाच्या तराफ्यांवर शिकलेली ती भाषा, त्यात निम्म्या शिव्याच होत्या.

तिथं पोचल्यावर हृदय राहिलं बाजूला आणि सगळे लागले मायच्या काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, मागे. तेलुगू बोलणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी तुम्हाला समजावलं: झडप उघडत नाही म्हणून रक्त मागं तुंबतं आणि काळीज फुगतं. ते नुसतं फुगलं आहे की आतून बिघडलं आहे हे कळल्याशिवाय चिरायचं नाही, कारण बिघडलेल्या काळजाच्या माणसाचं रक्त थांबत नाही. तेव्हापासून रोज सकाळी तेच. डॉक्टर येतात, मायची खालची पापणी ओढून पिवळेपणा बघतात, उजव्या बरगडीखाली बोटं रोवून तिला श्वास घ्यायला सांगतात आणि काळजाची कड लागेल तिथं निळ्या शाईनं रेघ मारतात. रक्त नेतात. एकदा दंडात रंगीत औषध टोचलं आणि काळीज तो रंग किती लवकर काढून टाकतं ते पाहिलं. माय मला हळूच म्हणते, इतकं तर बोकडाचंही कोणी पाहत नाई.

आणि मग तो सवाल. डॉक्टरांनी वही उघडली, तुमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तागुतारा?" तेलुगूत याचा अर्थ 'त्या पितात का' असाही होतो आणि 'तुम्ही पिता का' असाही. तुम्ही मान खाली घातलीत आणि म्हणालात, "रोजू." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

ऑपरेशन पुढं गेलं. का, ते आम्हाला कळेना. एक नर्स येऊन मायसमोर अंगठा तोंडाकडं नेऊन दाखवायची आणि मग बोट हलवून दटावायची. मायला वाटलं, पाणी बंद केलं. बिचारी दिवसभर ओठ कोरडे करून बसली. शेवटी मी तुम्हाला नर्सकडं पाठवलं, तुम्ही विचारून परत आलात आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिलात. मायची दारू कधी सुटणार, असं विचारत होती ती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिकाऊ पोरांना घेऊन आले, तेव्हा तुमचं तेलुगू सगळं पळालं. वॉर्डाच्या दारात उभं राहून तुम्ही आपल्या बोलीतच बोललात. "ते नाई पेत, साहेब. मी पेतो. तिनं तर कधी वासही नाई घेतला." शब्द कोणाला कळले नसतील, पण तुम्ही छाती ठोकून अंगठा तोंडाकडं नेलात, ते सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी तुम्हाला बाहेरच्या बाकावर आडवं केलं आणि बरगडीखाली बोटं घातली. मग प्रत्येक पोरानं घातली. तुमचं काळीज कोणाच्याच बोटाला लागलं नाही, इतकं ते जागच्या जागी होतं. माय खाटेवरून दारातून सारं पाहत होती.

"सोमवार म्या धरले, एकादशी म्या केली," ती म्हणाली, "अन् काळीज याचं चांगलं?"

त्यानंतर ती तुमच्याशी बोललीच नाही. अळणी भात खाल्ला, लघवी सुटायची इंजेक्शनं घेतली. पोटावरची निळी रेघ हळूहळू वर सरकत गेली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, आणि एका सकाळी डॉक्टरांनी मान हलवली. काळीज नुसतंच फुगलं होतं.

तिला आत नेलं तेव्हा तुम्ही व्हरांड्यात उभे होतात. मी म्हटलं, बसा. तुम्ही म्हणालात, "मी बसलो, न् तिले काई झालं त?" ते दार उघडेपर्यंत तुम्ही भिंतीलासुद्धा टेकला नाहीत. हे कोणी सांगत नाही, कारण यात हसण्यासारखं काही नाही. शुद्धीवर आल्यावर माय मला पहिलं काय म्हणाली ते तुम्हाला कधी सांगितलं नाही मी. "तुह्या बापानं काई खाल्लं का?"

माय त्यानंतर खूप जगली, तुमच्याहून जास्त. ही गोष्ट सांगताना शेवटी मी सांगते की त्या दिवसापासून तुम्ही मोहाच्या दारूचा थेंबही घेतला नाही. लोकांना ते आवडतं, सुना नवऱ्यांकडं बघतात. तुम्ही सोडली नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पत्र काही कुठं जायचं नाही, म्हणून इथं खरं लिहून ठेवलं. बाहेर मात्र तुम्ही सोडली असंच मी सांगणार.