मंगळवार, चार वाजता

सोमवार, ३ तारीख
नवीन नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. स्वतंत्र खोली, खिडकीतून झाड दिसतं, टेबलाचा खण चक्क ओढल्यावर उघडतो. आधीच्या नोकरीत तो लाथ मारून उघडायचे.

समुपदेशन केंद्र छोटंसंच आहे. पाच शिकाऊ समुपदेशक लोकांशी बोलतात, प्रत्येक भेटीची नोंद सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. ती वाचून सही करायची, चुकलं तर कान उपटायचे, हे माझं काम. माझ्याआधीच्या बाई दोन महिन्यांपूर्वी तडकाफडकी सोडून गेल्या. तेव्हापासून दोनशे त्रेसष्ट नोंदी सहीसाठी पडून आहेत. तपासणी येणार आहे, शुक्रवारपर्यंत संपवा, असं सरांनी सांगितलं. सर म्हणजे केंद्राचे प्रमुख. मी म्हटलं, एकूण एक वाचीन.

बुधवार, ५ तारीख
डोक्याला ताप नुसता. दर दहा मिनिटांनी सॉफ्टवेअर मला बाहेर काढतं आणि पुन्हा पासवर्ड मागतं. मदतकेंद्रातला माणूस फोनवर गोड आवाजात सांगतो, मॅडम, एकदा बंद करून चालू करा. सहा वेळा केलं.

त्यात या पोरांचं वेगळंच. ‘मागील नोंद आणा’ असं एक बटण आहे. ते दाबायचं, तारीख बदलायची, झालं काम. एका गृहस्थाला तीन महिने ‘थोडं बरं वाटतं, झोप कमी’ आहे. पाचही जणांना फैलावर घेतलं. त्यातली एक अगदी बारीक आवाजात बोलते, मी तिला मनातल्या मनात चिमणी म्हणते. ती रडली. मला वाईट वाटलं, पण सांगणार कोण यांना?

शुक्रवार, ७ तारीख
इथे खोटं कशाला लिहू. ऐंशी नोंदी वाचल्या आणि नाकी नऊ आले. संध्याकाळी ‘सर्व निवडा’ दाबलं आणि उरलेल्या सगळ्यांवर एकदम सही केली. सर खूश. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मंगळवार, ११ तारीख
चार वाजता चिमणी माझ्यासमोर बसली होती, तिच्या कामाचा आढावा घ्यायला. डावा हात सारखी चोळत होती, गार पडलाय म्हणाली. ती गेल्यावर पाहते तर तिच्या नावाची नवी नोंद. वेळ चारची, खोली तीन. माझ्यासमोर असताना हिने कुणाची भेट घेतली? चिडून परत बोलावलं, खोट्या नोंदी करतेस का म्हणून विचारलं.

नोंदीवरचं नाव वाचून ती पांढरीफटक पडली. ती क्लायंट वारून आठ महिने झालेत. शेवटच्या भेटीत आपले कपडे वाटून टाकतेय असं बोलली होती. त्या दिवशी चिमणीला घाई होती. तिने मागील नोंद आणली, तीत ‘धोका: नाही’ होतं, तेच राहिलं. आधीच्या बाईंनी न वाचता सही केली. चार दिवसांनी त्या क्लायंटने जीव दिला. त्यानंतर चिमणीने त्या फाइलला हातही लावलेला नाही.

फाइल उघडली. त्यानंतरच्या एकाही मंगळवारची नोंद चुकलेली नाही. सगळ्या चिमणीच्या नावाने.

बुधवार, १२ तारीख
फाइल बंद करायला गेले. सॉफ्टवेअर म्हणतं, आधी कालच्या नोंदीवर सही करा. नोंद नाकारली, मिनिटात परत आली. मदतकेंद्रातला माणूस म्हणाला, मॅडम, क्लायंट नियमित येतेय, तिच्या संमतीशिवाय फाइल बंद होत नाही. मी फोन आपटला.

मग बसून सगळ्या वाचल्या. कुणीच वाचल्या नव्हत्या. सही झाली की पुढच्या नोंदीत दोन-चार शब्द बदलतात. ती दाराजवळ बसली. खिडकीजवळ बसली. टेबलाजवळ बसली. बाई सोडून गेल्यावर आठ आठवडे सही नाही, तर आठही नोंदी तंतोतंत एक. मग माझा शुक्रवार. आणि काल: ‘क्लायंटने समुपदेशकाच्या हातावर हात ठेवला. धोका: नाही. पुढील योजना: पुढच्या मंगळवारी दोघी बरोबर निघतील.’

या नोंदीवर मी सही करणार नाही.

गुरुवार, १३ तारीख
चिमणीला सांगितलं, मंगळवारी घरी बस. ऐकेल तर शपथ. तिला त्या क्लायंटची माफी मागायची आहे. माझ्यामुळे गेली, एवढंच म्हणत राहते. पालथ्या घड्यावर पाणी. बोटं निळसर दिसतात तिची.

सोमवार, १७ तारीख
सरांना सगळं सांगितलं. ते हसले, मग चिडले. एका सहीसाठी घोंगडं भिजत ठेवू नका म्हणाले. उद्या साडेचारला तपासणी. चारपर्यंत मी सही केली नाही तर ते स्वतः करणार. त्यांनाही तो अधिकार आहे. हात जोडले मी. उपयोग शून्य.

मंगळवार, १८ तारीख
३.३५. चिमणी आलीच. माझ्यासमोर बसवलंय. हात कोपरापर्यंत गार.

३.४२. सहीआधी मला नोंद दुरुस्त करता येते. हे आधी का सुचलं नाही — मूर्ख मी. योजना खोडली. ‘धोका: आहे’ लिहिलं. जतन होत नाही. नवा रकाना उघडलाय — ‘कोणाला?’ भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यादीत दोनच नावं. चिमणीचं आणि माझं.

३.४९. बाहेर काढलं मला. पासवर्ड. पुन्हा पासवर्ड —

३.५३. पोर चोवीस वर्षांची आहे. तिने घाई केली, पण वाचायचं काम माझं होतं. माझं नाव निवडलं. सही केली.

३.५५. हात उबदार झाला म्हणाली. ढकलतच घरी पाठवली. जाताना रडत होती. जाऊ दे, सुटली.

४.००. नवी नोंद. आता माझ्या नावाने. ‘क्लायंट वेळेवर आली. समुपदेशक रोजनिशी लिहीत आहेत. क्लायंट शेजारी उभी आहे.’

भर दिवस आहे. खोलीत कुणी नाही. डाव्या खांद्याला गारवा —

‘क्लायंट वाचते आहे.’

माझी रोजनिशी, पहिल्या पानापासून. पानं आपोआप — एकेक ओळ, बोट लावून. घाई नाही तिला. शुक्रवारच्या पानावर थांबली.

खूप वेळ थांबली. मी माफी —

आता या पानावर आली. सगळं नीट वाचलं तिने. सहीसाठी माझ्या हातातलं पेन —