भिवंडीत इचलकरंजी, इचलकरंजीत भिवंडी

आई,

तुझ्याशी बोलायचं तर सुरुवात इचलकरंजीपासूनच करावी लागणार. लग्न होऊन भिवंडीजवळच्या शेलार गावात, या घरात आलीस आणि पहिल्याच आठवड्यात आत्याला म्हणालीस, "आमच्या इचलकरंजीत चुलीपुढं एवढा धूर करत न्हाईत." आत्या ते मला किती वर्षं हसून सांगायची. तुझं प्रत्येक बोलणं तिथूनच निघायचं. कामवारी नदीच्या पुलावरून जाताना नाकाला पदर लावून पंचगंगेचं नाव काढायचीस, तांदळाची भाकरी थापताना जोंधळ्याचं. इथले शेठ कारखान्यापासून लांब बंगले बांधतात. तिथं मालक मागांच्या वरच्या माडीवर झोपतो आणि खडखडाट थांबला की दचकून जागा होतो, असं तू सांगायचीस. बाबा वैतागायचे, "मंग तिकडंच ऱ्हायचं व्हतं ना!" दोन्ही गावं स्वतःला कापडाचं मँचेस्टर म्हणवून घेत. खरं मँचेस्टर कोणतं यावरून तुम्ही जेवणाच्या ताटावर भांडायचात, आणि ते मूळचं मँचेस्टर तर आपल्या घरात कुणी नकाशावरसुद्धा शोधलं नसेल.

पण नाक्यावरच्या फोनवरून मामाशी बोलायला लागलीस की सगळं उलटं व्हायचं. मी शेजारी उभी राहून ऐकायचे. "आमच्या भिवंडीत काय कमी न्हाई दादा. अकलोलीला गरम पाण्याची कुंडं हायत, गुडघं कसं मोकळं हुत्यात! वैनीला घिऊन ये." आणि शेवटी ठरलेलं, "माग? चालू हायत की. जोरात हायत."

आजोबांनी तुला इतक्या लांब दिलं ते त्या मागांसाठीच. बाबांनी रस्त्याकडेच्या शेतात गाळा बांधून जुने लूम टाकले होते, आणि सूत कसं तुटतं, कापडाला डाग कुठून लागतो हे त्यांना तू शिकवलंस. मग ती भारनियमनाची वर्षं आली. लाइट गेली की पट्टे थांबायचे, कामगार बाहेर येऊन गमछ्याने वारा घेत बसायचे. एकेक जण गावी गेला तो परतलाच नाही. मी अकरावीत असताना बाबांनी लूम भंगारात काढले. फोडायला माणसं येणार त्या दिवशी तू पहाटेच उठून आत्याकडे दिघाशीला निघून गेलीस. घण मी ऐकले. पुढे गाळ्याला पत्रे नवे लागले, आत खोक्यांचं गोदाम झालं, आणि खरं सांगायचं तर आपलं आधीपेक्षा बरं चालायला लागलं. घरात फ्रीज आला. तू मात्र शेजारणींपुढेसुद्धा 'भाडं' हा शब्द तोंडातून काढायची नाहीस. फोनवर माग चालूच राहिले.

मामा त्याच्या मुलीच्या, ताईच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आला तो दिवस मला लख्ख दिसतो. दुपार आहे, तू सुकट निवडत बसली आहेस, मामा दारातच चपला न काढता उभा आहे. पिशवीतून नारळ काढून म्हणतो, "आधी मागास्नी फोडतो, मग आत येतो." आणि वळून चालायलाच लागतो. तू तशीच उठून मागे धावतेस, तुझ्यामागे मी. गोदामाच्या दारात वॉचमन त्याला अडवतो. "कहाँ जा रहे हो, चाचा? अंदर जाना मना है।" मामा आत डोकावून छतापर्यंत रचलेली खोकी बघतो. मग बाबा येतात आणि दुसरीकडे बघत म्हणतात, "इकले. कवाच. लाइट न्हाय, मानसं न्हाय, काय करनार?" तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत जमिनीकडे बघत होतीस. इतकी लहान झालेली तुला मी कधी पाहिली नव्हती, आणि मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं.  मग मामाने त्या गोदामाच्या उंबऱ्यावरच नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा वॉचमनच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "भूक लागलीया ग मला." जेवताना तो फक्त लग्नाचं बोलला.

लग्नाला तू आणि मीच गेलो. हळदीच्या सकाळी मामाच्या माडीवरच्या सोप्यात बायका लसूण सोलत बसल्या होत्या, खालून मागांचा आवाज येत होता, आणि तू इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकत एकच पाकळी सोलत बसली होतीस. शेजारच्या एका काकूने विचारलं, "आमचं माग तर बुडाय लागल्यात. तुझं कसं हायत ग भिवंडीत?" तू काही बोलायच्या आत मामा दारातून मोठ्याने म्हणाला, "झ्याक हायत! मी सोता नारळ फोडून आलोय."

तू लसणाची पाकळी खाली ठेवलीस. "न्हाई वैनी. एकबी माग न्हाई ऱ्हायला. मी फोनवर खोटं सांगत हुते. आता दादा माझ्यापायी खोटं बोलाय लागला."

 मला वाटलं, आता कुणीतरी तुला टोचून बोलणार. पण काकूने एवढंच विचारलं, "मग त्या जाग्याचं काय केलंसा?" गोदामाला दिली म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले. "म्हंजे बसून खायाचं! नशीब काढलंस बाई. आमच्या पोरास्नीबी सांग की असलं कायतरी." बायका हसल्या, कुणी भाड्याचा आकडा विचारला. ज्या गोष्टीने तू वर्षानुवर्षं मान वर केली नव्हतीस, तिचा त्यांना हेवा वाटत होता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तू दाराकडे बघत होतीस. मामा दारात नव्हता. संध्याकाळपर्यंत तो मांडवाच्या कामात होता आणि तुझ्या समोर आला नाही.

परतीच्या एस.टी.त कराड गेल्यावर तू बोललीस. "माझी लाज मी उतरून ठेवली ग, पर ती दादाच्या अंगावर गेली."

त्यानंतर तू 'आमच्या इचलकरंजीत' म्हणाली नाहीस. घर कसं पोकळ वाटायचं. बाबा मुद्दाम डिवचायचे, "काय वो, तुमच्याकडं वालाचं बिरडं कसं करतात?" तू म्हणायचीस, "करत्यात कसंतरी." बाबा मग खालमानेने जेवत. फोन तू करायचीस, मामाही करायचा, पण दोघं पावसापाण्याचं बोलून ठेवून द्यायचात. तू गेलीस तेव्हा तो रात्रभर प्रवास करून आला, अंगणात बाबांच्या शेजारी बसला. गोदामाकडे पाठ करून बसला, हे मी पाहिलं. माग त्याचे अजून आहेत, निम्मे बंद असतात म्हणे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. पुण्यात आमच्या सोसायटीत परवा नवी शेजारीण आली. चहा घेताना तिने विचारलं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, ठाण्याची. "आणि आजोळ?" मी म्हटलं, कोल्हापूर. ना भिवंडी म्हटलं, ना इचलकरंजी. "अरे वा," ती म्हणाली, "दोन्ही गावं छान." मी तिला अजून चहा विचारला.