वाफेची चावी

३ मार्च, मंगळवार

नळी गळतेय. कॉफीच्या मशीनला दूध फेसाळायची जी वाफेची नळी असते, ती. बंद केल्यावरही टोकातून थेंब. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. खालच्या ताटलीत तळं साचलंय.

जावई ऑफिसला जाण्याआधी दहा मिनिटं मशीनसमोर उभा होता, हात मागे बांधून. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "बघतो." लग्नाला चार वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून "बघतो"च्या पुढचं वाक्य मी ऐकलेलं नाही. लेकीने याच्यात काय पाहिलं ते तिलाच ठाऊक.

मी बत्तीस वर्षं हॉस्पिटलात वाफेवर काढली. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं अख्खं खातं माझ्याकडे होतं. त्यापुढे हे खेळण्यातलं मशीन! पण विचारतं कोण?

४ मार्च

लेकीने बजावलं — "आई, मशीनला हात लावायचा नाही." इस्त्रीचं ती अजून विसरलेली नाही. इस्त्री मी उघडली, जोडताना एक स्क्रू उरला, आणि पुढे जे झालं ते झालं. "आणखी एक वस्तू बिघडली तर खरंच तुला तुझ्या घरी नेऊन सोडेन." हसत नव्हती.

माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. पण गुडघ्याचं जाऊ दे. तिथे दिवस दिवस माणसाचा आवाज कानावर पडत नाही. मला परत जायचं नाही. इथे लिहिते, तिला सांगणार नाही.

७ मार्च, शनिवार

जावईबापूंची दुरुस्ती! मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. त्यातला माणूस बोलतो, हा मान डोलावतो. नळी मशीनला जिथे जोडलीय तिथे पांढरी टेप गुंडाळली, चांगले सहा वेढे. गळतंय टोकातून आणि टेप मुळाशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

संध्याकाळी — टप्.

८ मार्च

आज नळीचं टोक काढून व्हिनेगरमध्ये बुडवलं. बारीक भोकांत वाळलेलं दूध बसलं होतं. अर्धा तास सुईने टोचत बसला, जसा काही मोती ओवतोय. दूध झालं की लगेच नळी पुसायची, जरा वाफ सोडून मोकळी करायची, एवढंही याला कळू नये? आमच्याकडे पहिल्या दिवशीच्या मुलीला हे दोनदा सांगावं लागायचं नाही.

लेक म्हणाली, "एवढं महाग घेतलं ते शोभेला का?" ती बोलते, हा ऐकतो. शेळपट नुसता.

टोक बसवलं. टप्.

११ मार्च

वाफ सोडायच्या चावीच्या आतलं रबरी वॉशर बदललं. गळायचं थांबलं. "झालं," म्हणाला. चला, नवा शब्द शिकला.

पण चावी बंद कशी करतो ते बघावं! दोन बोटांनी, झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तशी. वाफेशी असं वागतात? आमच्या खात्यात एकच नियम होता, चावी मनगट दुखेपर्यंत आवळायची. एका पोरीने ढिली सोडली होती. तिचा पोळलेला तळहात मी बघितलाय. म्हणून तो ऑफिसला गेला की मी जाऊन चावी नीट आवळते. इथे आल्यापासून रोज. याला काही मशीनला हात लावणं म्हणत नाहीत.

१६ मार्च

पाच दिवसांत वॉशर गेलं. स्वस्तातलं आणलं असणार, दुसरं काय.

त्याने मशीनकडे पाहिलं. चावी फिरवायला गेला तर फिरेना, फडकं धरून फिरवली. मग उगाचच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी काही बोलेल. तर म्हणे, "आई, चहा टाकू का तुम्हाला?" मशीन जमत नाही, म्हणून चहा.

२१ मार्च

दुसरं वॉशरही गेलं. मी आता दोन्ही हातांनी आवळते. या घराची काळजी असलेली मी एकटीच.

जेवताना लेकीने विचारलं, "आई, तू खरंच हात लावत नाहीस ना?" नाही म्हटलं. घास नुसता तोंडात फिरत राहिला. समोर जावई खाली मान घालून जेवत होता. याच्या नाकर्तेपणापायी माझं बिऱ्हाड उचललं जाणार, आणि हा आमटी भुरकतोय.

२४ मार्च

उद्या मेकॅनिक येतोय. बरंच झालं. याची अक्कल चव्हाट्यावर येईल.

२५ मार्च, बुधवार

मेकॅनिकने चावी खोलली. आतलं वॉशर काढून लेकीच्या हातावर ठेवलं. चेपून कागदासारखं झालेलं. ते जिथे बसतं ते पितळही खरवडलेलं.

"मशीनमध्ये काही दोष नाही," तो म्हणाला. "कोणीतरी रोज चावी पिळतंय. एवढा जोर लावतं कोण?"

लेक माझ्याकडे वळली. "आई —"

"मी," जावई म्हणाला. "मीच. हाताला सवय लागलीय."

मग लेकीने त्याला असा फैलावर घेतला, मेकॅनिकसमोर, की विचारू नये. चार वर्षं वापरतोस, अक्कल कुठे गेली होती, आता हा खर्च. तो ऐकत राहिला. मी ओटा धरून उभी. मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

२६ मार्च

लेक आंघोळीला गेल्यावर ते माझ्याजवळ आले. "आई, हलकी फिरवली तरी बंद होते. या, दाखवतो." माझा हात चावीवर ठेवून दाखवलं.

त्यांना पहिल्या वॉशरपासून माहीत होतं.

लेकीला मी अजून काही सांगितलेलं नाही.