तीस बुडबुड्यांची कविता

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

चि. सायलीस,
आजोबा कडूबांचे अनेक आशीर्वाद. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून कागदच बरा.

तुझ्या बाबाचं प्रवाळ फिकं पडलंय. शिवराज गेल्यापासून वर्षभर त्याच्या टाकीतलं खारं पाणी जपलं. आता प्रवाळाची टोकं पांढरी दिसतात. कॅल्शियम चारशेवीसवरून तीनशेसाठवर आलं. पाण्याला कॅल्शियम पुरवणाऱ्या रिअ‍ॅक्टरच्या नळकांड्यात प्रवाळाचा चुरा आहे, तो विरघळवणारा गॅसही आहे. गॅसचे मिनिटाला तीस बुडबुडे, शिवराजनंच ठरवून दिलेले. पण ते आपोआप वाढतात गं. तीसचे पस्तीस, अडतीस होतात. मग मी गॅसची चावी जरा आवळतो.

समुद्रापासून इतक्या लांब हे सगळं माझ्या भरवशावर. लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा आजोबा

रत्नागिरी
१२ जानेवारी

ती. आजोबांस,
सायलीचा शि. सा. नमस्कार. पत्र वाचून कोडं पडलं. गॅस जास्त गेला तर चुरा जास्त विरघळतो, मग कॅल्शियम वाढायला हवं. तुमचं उलटंच चाललंय. मोजता कसं? घड्याळ लावून, की अजून कविता म्हणून? शेजारच्या मोईनकाकांना मोबाइलवर मिनिट लावून मोजायला सांगा. तोवर चावी आवळू नका. बाबांचं एवढंच एक जिवंत उरलंय.

माझ्यावर राग धरू नये, माया धरावी.
सायली

पडेगाव
१८ जानेवारी

चि. सायलीस आशीर्वाद.
कविता म्हणूनच मोजतो. घड्याळाकडं पाहिलं की बुडबुडे निसटतात. चौथीच्या वर्गाला किती वर्षं शिकवली ती नदीची कविता. शिवराजनं एकदा घड्याळ धरून पाहिलं होतं, अख्खी कविता बरोबर एक मिनिट.

मोईन आला. माझाच विद्यार्थी, लई खवचट. त्यानं मोजले, मिनिटाला एकोणीस. मग म्हणाला, गुरुजी, आता कविता म्हणा. म्हटली. एक मिनिट छत्तीस सेकंद. वर म्हणतो, आम्ही अडखळलो की छडी मिळायची, तुम्ही तर कडव्या-कडव्याला थांबलात.

म्हणजे बुडबुडे वाढलेच नव्हते. जिना चढताना दम लागतो, तो मला ठाऊक होता. कवितेतही लागतो, हे कळलं नाही. चावी मोईननं सैल केली. प्रवाळ सावरेल म्हणतो. तू काळजी करू नको, आठवण तेवढी ठेव.
तुझा आजोबा

रत्नागिरी
२३ जानेवारी

ती. आजोबांस नमस्कार.
पुढच्या शनिवारी येते. प्रवाळासाठी नाही. बाबाही शेवटच्या वर्षी बोलता बोलता थांबायचे. आपल्याला वाटायचं, विचार करताहेत; तोही दमच होता. छावणी भागातल्या डॉक्टरांची वेळ मोईनकाकांनी तुमच्यासाठी घेतली आहे. बुडबुडे आता काकाच मोजतील.

तुम्ही दम राखून ठेवा. कविता मला ऐकायची आहे, सगळी कडवी, हवं तिथं थांबत. घड्याळ घेऊन येणार नाही.
तुमची सायली